दाराआडचा ड्रम आणि तुमची जुनी बॅटरी

विहीणबाई,

तुमचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माधव तुमचं कपाट आवरायला बसला. लुगड्यांना त्याचा हात लागेना, म्हणून त्याने आधी खालचा खण उपसला. त्यात तुमची ती तीन सेलची स्टीलची बॅटरी निघाली. त्याने बटण पुढे-मागे केलं, उजेड पडला नाही. "आई, ही टाकून देऊ का?" असं त्याने मला विचारलं. तो मलाही आईच म्हणतो, तुम्हीच लावलेली सवय. मी मागचं झाकण फिरवून सेल बाहेर काढले. दोन सरळ होते आणि शेवटचा उलटा.

बॅटरी धडधाकट होती. ठेवताना एक सेल उलटा घालायचा, म्हणजे पिशवीत बटण चुकून दाबलं गेलं तरी सेल उतरत नाहीत, ही तुमची शेतावरची रीत होती. मी सेल सरळ केला, भिंतीवर पांढरा गोल पडला, आणि तुमचा मुलगा तिथंच फरशीवर बसून रडला. माझ्याकडून मात्र त्याच्या पाठीवरून हात फिरवण्यापलीकडे काही झालं नाही. मला रडण्याआधी एक गोष्ट तुमच्याशी बोलायची आहे, आणि तुम्ही ती अर्धवट ठेवून गेला आहात.

हे मी माधव आणि माझ्या केतकीच्या मुलांसाठी, रेवा आणि ईशानसाठी लिहिते आहे. ती दोघं कॅनडात मोठी झाली. त्यांना दोन आज्या आहेत आणि त्या दोघी एकाच घरात राहतात, एवढंच त्यांना ठाऊक. हे किती विचित्र होतं, ते त्यांना कुणी सांगितलेलं नाही. मी मुलीची आई. माझ्या आईने आयुष्यभर माझ्या सासरी पाण्याचा घोट घेतला नाही, दारातून विचारपूस करून परत जायची. आणि मी उस्मानपुऱ्यातली भाड्याची जागा सोडून जावयाच्या फ्लॅटमध्ये, खुद्द वरमाईबरोबर राहायला आले. बिडकीनकडची तुमची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, माधवने पैठण रोडला हा फ्लॅट घेतला, आणि तुम्ही एकट्या राहायला तयार नव्हतात. "मास्तरीणबाईला बोलवा, न्हाईतर मी येत नाय," असं तुम्ही फोनवर सांगितलंत. इमारतीत कुणी विचारलं तर, ही माझी थोरली बहीण, असं सांगायचात. थोरली म्हटल्याचा मला रागच यायचा, पण मी बोलत नसे. त्या घरात मी काय बोलावं आणि काय बोलू नये, याचा हिशेब माझ्या मनात सतत चालू असायचा.

बॅटरीवरून मात्र मी बोलले. मुलांना हसू येईल, पण दोन म्हाताऱ्या सबंध उन्हाळा टॉर्चवरून भांडल्या. ईशानने मला वाढदिवसाला तळहाताएवढा काळा टॉर्च पाठवला होता. खोक्यावर एक हजार लुमेन असा आकडा होता. लुमेन म्हणजे एकूण किती उजेड बाहेर पडतो त्याचं माप, हे मी तुम्हाला पत्रक वाचून सांगितलं. तुम्ही तो गॅलरीतून समोरच्या अर्धवट बांधलेल्या इमारतीवर मारलात. पाचव्या मजल्यावरच्या सळया मोजता येतील असा झोत पडला. तुम्ही खूश. काही मिनिटांत तो आपोआप मंद झाला.

"दमली," तुम्ही म्हणालात.

मी समजावलं की तो दमला नाही. एवढ्याशा अंगात एवढा उजेड केला की तो तापतो, जळू नये म्हणून स्वतःच खाली येतो. तो मोठा आकडा सुरुवातीचाच असतो. आणि खोक्यावर जे तास लिहिलेले असतात, ते उजेड एक दशांश उरेपर्यंतचे धरलेले असतात.

"मंग खोक्यावर दमल्यावरचा आकडा लिव्हा म्हणावं. सोयरीक जमवताना सांगतात तसलं हाय हे समदं."

माझा टॉर्च मी मंद पायरीवर वापरायची. त्यावर तो कित्येक रात्री पुरतो, आणि घरात चालायला तेवढा उजेड पुष्कळ होतो. दर रविवारी चार्ज करून मी तो दिवाणखान्यात खिळ्याला अडकवायची. तुम्हाला ती काटकसर सोसायची नाही. उजेड करायचा तर पुरता करायचा, साप पायाशी आल्यावर मंद बॅटरी काय कामाची, असं तुमचं म्हणणं. रात्रीची वीज यायची तेव्हा मोटर सुरू करायला तुम्ही शेतात जात होतात. माझ्या बाजूने बोलायला असा साप नव्हता.

मग मी तुमच्या जुन्या बॅटरीत सुधारणा करायचं ठरवलं. गुलमंडीवरच्या दुकानात जुन्या बल्बच्या जागी बसणारा एलईडीचा बल्ब मिळाला. दुकानदाराने दोन दाखवले. एक जास्त तेज होता, पण तो सेल लवकर संपवणारा आणि बंद नळीत तापणारा. दुसरा त्यापेक्षा कमी, तरी जुन्याच्या दुप्पट उजेडाचा आणि त्याच सेलवर कितीतरी जास्त चालणारा. बल्ब किती सेलच्या बॅटरीसाठी आहे ते बघून घ्यायचं असतं, ते मी बघितलं. दुसरा घेतला. तुम्हाला न विचारता बसवलासुद्धा. तुम्ही बॅटरी लावून बघितलीत आणि बंद करून ठेवलीत. जेवताना म्हणालात की उजेड चुन्यासारखा आहे. मग भाकरी मोडता मोडता म्हणालात, "जुना बल्ब पिवळा पडत जायचा. पिवळा पडला की समजायचं, आता घराकडं वळा. ह्यो तुमचा पांढरा काय बी सांगणार नाय. एकदमच जाईल."

तुमचं बरोबर होतं. हा बल्ब शेवटपर्यंत सारखाच राहतो आणि मग अचानक पडतो. मी म्हणाले, त्यालाच गुण म्हणतात. तुम्ही म्हणालात, त्याला लबाडी म्हणतात. ते भांडण तिथंच राहिलं.

आता ती संध्याकाळ सांगते, जी मुलांना सांगायची नाही असं ठरलं होतं.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. आमच्या भागात नव्या इमारती रोज उगवत होत्या आणि बोअर एकामागून एक कोरडे पडत होते. टँकर आला की सोसायटी थोडा वेळ नळाला पाणी सोडायची. पुढचा टँकर कधी येईल, कुणालाच ठाऊक नसायचं. त्या दिवशी पाणी सुटलं तेव्हा जोर इतका कमी होता की पाइपातून ड्रमपर्यंत पाणी चढेना. तुम्ही पाइप काढून फेकलात आणि ठरवलंत की ड्रमच नळाखाली आणायचा. नळ बाथरूमच्या दाराआड. दार आत उघडणारं. म्हणून आपण दोघी आत गेलो, दार लोटलं आणि तो दोनशे लिटरचा रिकामा निळा ड्रम दाराच्या अगदी जवळ, नळाखाली ओढला. शेजारी बादल्या, घागरी, तुमचं ते गंगाळ. तुम्ही बॅटरी काखेत घेऊनच आला होतात, ड्रमच्या तळाला गाळ आहे का ते बघायला. सगळं भरलं. नळ घोरायला लागला आणि बंद पडला. तुम्ही पदराने तोंड पुसलंत आणि म्हणालात, "आज लई झालं पाणी."

मी दार ओढलं. ते चार बोटं उघडलं आणि भरलेल्या ड्रमला अडकलं.

आधी आपण हसलो. मग ड्रम ढकलून बघितला. ओल्या फरशीवर आपले पाय सरकले, ड्रम हलला नाही. मी दाराच्या फटीतून हाका मारल्या. मजल्यावर दोनच घरं, आणि समोरच्या नसरीनभाभी बाहेर गेलेल्या, अजून आल्या नव्हत्या. मी साधा उपाय सुचवला. अर्धा ड्रम ओतून टाकू, हलका झाला की सरकेल. तुम्ही ड्रमच्या काठावर हात ठेवलात.

"सांडायचं नाय."

"विहीणबाई, आपण आत अडकलोय."

"अडकलो तर अडकलो. मरत नाय आपुन. इहिरीत उतरून वाटीनं पाणी भरलंय म्या. सांडायचं नाय."

बंद जागेत माझा जीव घाबरतो, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. तेव्हाही सांगितलं नाही. घर तुमचं, पाणी तुमचं आणि मी मुलीकडची. मी उपड्या पाटावर बसले आणि त्या दाराच्या चार बोटांच्या फटीकडे बघत राहिले. तिच्यातून दिवाणखान्याच्या भिंतीची एक पट्टी दिसत होती, आणि त्या पट्टीत, खिळ्याला, माझा नीट चार्ज केलेला टॉर्च.

दिवेलागणीला वीज गेली.

तुम्ही बॅटरीचं बटण दाबलंत. काही नाही. सेल उलटा असल्याचं तुम्हाला आठवलं, झाकण फिरवलंत, अंधारात चाचपत सेल काढून घातलेत. पुन्हा काही नाही. मग तुम्ही माझ्यावर घसरलात. नवरा गेला तरी ही बॅटरी कधी बंद पडली नव्हती, तुमच्या या बल्बानं घात केला, शिकलेल्या लोकांना असलेलं नीट बघवत नाही. मी उलट म्हणाले की पाणी ओतलं असतं तर एव्हाना मी बाहेर चहा करत असते. तुम्ही म्हणालात, चहा कशाचा, पाणी ओतून दिल्यावर? 

तेवढ्यात बाहेर फोन वाजायला लागला. रविवार होता. रेवा, ईशान, तो तुमचाच व्हिडिओ कॉल होता. वाजून थांबला, परत वाजला. आम्ही दोघी अंधारात त्या आवाजाकडे तोंड करून बसलो होतो.  माझा श्वास मोठ्याने होत असावा, कारण विहीणबाई, तुम्ही हात लांब करून माझं मनगट धरलंत आणि विचारलंत, "भेव वाटतंय व्हय?" मी हो म्हणाले. इतक्या वर्षांत तुमच्यापुढे मी उघडपणे दिलेली ती पहिली कबुली.

तुम्ही हात सोडला नाही. म्हणालात, "मंग आधी सांगायचं न्हाई का. काढलं असतं थोडं पाणी." ते खरं होतं का, हे मी पुढे कित्येकदा विचारलं आणि तुम्ही हसून टाळलंत.

हात धरलेला असताना मला बल्बाचं पत्रक आठवलं. जुन्या बल्बाला तीनही सेल एका दिशेला असले की पुरे, टोक वर का खाली याने फरक पडत नसे. एलईडीला पडतो. टोक बल्बाकडेच लागतं. तुम्ही अंधारात उलट्याला सरळ करण्याऐवजी सरळ दोघांना उलटं केलं होतं, आणि जुन्या सवयीने ते बरोबरच होतं. मी सेल काढले, अंगठ्याने टोक चाचपलं, एकेक करून घातले. बटण दाबलं आणि तुमचं तोंड दिसलं. तुम्ही डोळे मिचकावत म्हणालात, "चुन्यासारखा हाय, पण हाय."

मग तेच जुनं भांडण, पण हळू आवाजात. वरच्या झडपेतून झोत इमारतीच्या डक्टमध्ये मारायचा, म्हणजे नसरीनभाभींच्या बाथरूमला उजेड दिसेल, हे तुमचं सुचणं. तो सतत चालू ठेवायचा, हेही तुमचं. सेल किती उरलेत माहीत नाही, हा बल्ब पिवळा पडून सांगणारही नाही, त्या केव्हा येतील ठाऊक नाही, म्हणून थोडा वेळ लावायचा आणि विझवायचा, हे माझं. शेवटी तसंच केलं. तुम्ही ड्रमच्या काठाला धरून उभ्या राहायचात आणि झोत मारायचात. मग विझवून खाली बसायचात. विझवल्यावर तुम्ही माझं मनगट पुन्हा धरायचात, न सांगता.

अशाच एका अंधारात तुम्ही ते वचन मागितलंत.

"पोरांला ह्यातलं काय बी सांगायचं नाय. सांगितलं की ते म्हणतील, दोघी बी म्हाताऱ्या झाल्या. तुम्हाला न्हेतील तिकडं बर्फात, आन् मला धाकट्या लेकाकडं धाडतील. मंग आपलं झालं."

"आपलं" म्हणालात तुम्ही. तोवर मी स्वतःला त्या घरातली पाहुणी समजत होते. मी वचन दिलं.

नसरीनभाभी आल्या त्या डक्टमधूनच ओरडत. "मावशी, ये क्या चल्रा? लाइट कायकू मार रे?" तुम्ही वर तोंड करून सांगितलंत की दाराआड ड्रम अडकलाय, किल्लीने दार उघडा आणि घरातली असतील नसतील ती भांडी घेऊन या. आपली एक किल्ली त्यांच्याकडे असायची. त्या आल्या, आणि तुम्ही फेकून दिलेला तो पाइप मी दाराच्या फटीतून बाहेर दिला, दुसरं टोक ड्रममध्ये बुडवलं. तुम्ही म्हणालात तसं त्यांनी बाहेरून तोंडाने ओढलं, पाणी सुरू झालं, आणि पातेली, डबे, त्यांचा बिर्याणीचा टोप, सगळं दिवाणखान्यात ओळीने भरलं. थेंब सांडला नाही. ड्रम हलका झाला, सरकला. नसरीनभाभी ओल्या पायांनी उभ्या होत्या, म्हणाल्या, "पानी फेक देते तो कब के बाहर आते ना, मावशी?" तुम्ही त्यांना टोप भरून पाणी देऊ केलंत आणि म्हणालात की हेच फेकायला सांगत होतीस व्हय.

मुलांना आपण फोनवर सांगितलं की देवळात गेलो होतो.

त्यानंतर तुम्ही ते वचन प्रत्येक गोष्टीला लावलंत. जिन्यात पाय मुरगळला, वचन. माझी साखर वाढली, वचन. मला ते आधी गमतीचं वाटलं. मग पावसाची वर्षं आली, समोरची अर्धवट इमारत पूर्ण होऊन तिच्यामागे आणखी तीन उभ्या राहिल्या, आणि तुम्हाला गॅलरीपर्यंत चालताना दम लागायला लागला. छावणी भागातल्या डॉक्टरांकडे मी तुम्हाला नेलं. त्यांनी हृदय थकल्याचं सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि मुलांना कळवा असंही सांगितलं. रिक्षात बसताच तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी म्हणाले, हे त्यात येत नाही. तुम्ही म्हणालात, समदं येतं.

त्यावर आपण किती बोललो. मी म्हणायची, तुम्हाला लपवायचं आहे, पण मला रोज त्यांच्या तोंडाकडे बघून खोटं बोलावं लागतं. तुम्ही म्हणायचात, खोटं नका बोलू, नुसतं बोलू नका. मी एकदा रागाने म्हणाले की तुम्ही मला त्या बाथरूममधून कधी बाहेरच काढलं नाहीत. तुम्हाला लागलं ते. दोन दिवस तुम्ही माझ्याशी जेवणापुरतं बोललात. मग एका दुपारी, वाटाणे सोलता सोलता, म्हणालात, "बरं. येत्या रविवारी सांगू. पर म्या सांगीन. तुम्ही मधी बोलायचं नाय."

तुम्ही गुरुवारी गेलात. सकाळी चहा घेतलात, साखर कमी आहे म्हणालात, आणि मी डबा घेऊन येईपर्यंत खुर्चीत मान एका बाजूला. डॉक्टर म्हणाले की कळवलं असतं तरी याहून वेगळं फार काही करता आलं नसतं. माधवला ते पटलं आहे. मलाही पटतं, दिवसातून एखाद्या वेळी. केतकी विचारते, आई, काहीच लक्षण नव्हतं का? मी तुमच्या फोटोकडे बघते आणि गप्प बसते. तुम्हाला तिने कधी असं थेट विचारलं नाही, म्हणून तुम्हाला हे सोपं वाटायचं.

आता माझी कोंडी बघा. वचन तुम्हाला दिलेलं, मोकळं करणाऱ्याही तुम्हीच, आणि तुम्ही नाही. सांगितलं तर माधव मला उद्याच्या उद्या बरोबर नेईल. त्याने तिकीट बघून ठेवलं आहे. तो प्रेमाने म्हणतो, केतकी रडून म्हणते. तिकडे मुलं आहेत, गरम पाणी आहे, आणि वर्षातले सहा महिने बर्फामुळे दार लावून घरात बसणं आहे. नाही सांगितलं तर मी इथं राहीन, पण तुम्ही नसलेल्या घरात, जावयाच्या घरात, एक गोष्ट पोटात ठेवून. तुम्ही असताना ती गोष्ट दोघींची होती, तेव्हा ती पेलवत होती. आता एकटीला ती जड होते आहे.

मी ठरवलं आहे. इथंच राहते, पण सांगून राहते. हे लिहिलेलं आज रेवा आणि ईशानला पाठवते आहे. मराठी वाचायला त्यांना वेळ लागेल, पण त्यांनी ते मोठ्याने वाचावं, आईबाबांसमोर. माधवला मी आधी हातात देणार आहे, विमानतळाला निघण्यापूर्वी. बाथरूमचं दार सुताराकडून बाहेर उघडणारं करून घेतलं आहे. नसरीनभाभी सकाळ-संध्याकाळ डोकावतात. छावणीच्या डॉक्टरांचा नंबर केतकीकडे असेल आणि माझ्या साखरेचे रिपोर्ट जसेच्या तसे जातील. एवढं ऐकूनही त्यांना मला न्यायचं असेल तर मी भांडेन. पण खरं सांगून भांडेन. तुम्ही शिकवलेलं भांडण आहे, अगदीच वाईट जमणार नाही.

तुम्हाला हे आवडणार नाही, मला माहीत आहे. तुम्ही म्हणाला असतात, रविवार माझा होता, मी सांगणार होते, तुम्ही मधे का बोललात. तुमचं सगळं म्हणणं मला पाठ आहे, विहीणबाई. ते मी माझ्या बाजूच्या शेजारी इथं मांडूही शकले असते. दोनदा बसले लिहायला. पण तुमचं म्हणणं माझ्या भाषेत लिहिलं की लगेच मवाळ होतं आणि मी जिंकते. तसं जिंकायची मला सवय नाही. म्हणून ती जागा कोरी सोडते आहे.